वास न येणारी माशी

खर्ड्याच्या माणसाने इतिहास लिहायचा म्हणजे १७९५ची लढाई, निजाम आणि किल्ला. मीही वीसेक वर्षं तेच केलं. लढाईतले सरदार मला पाठ आहेत. पण मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पिकल्या केळ्यावरच्या चिलटांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणाऱ्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचं नाव पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या कानावर आलं नव्हतं. याची लाज वाटते.

कुटुंब मूळ गोव्याचं, जन्म १९५३चा, केनियातला. शिक्षण कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात, मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. ओबेद सिद्दिकी यांचा जिवाणूंवरचा निबंध वाचून त्यांनी थेट मुंबईला पत्र धाडलं. १९७७ मध्ये त्या आल्या, तोवर सिद्दिकी जिवाणू सोडून माशीकडे वळले होते.

प्रयोग ऐकायला साधा. माश्यांना रसायन देऊन जनुकांत बिघाड करायचा आणि त्यांची पुढची पिढी दोन फाटे फुटलेल्या नळीत सोडायची. एका फाट्यातून वासाची हवा, दुसऱ्यातून नुसती. कोण कुठे वळतं ते मोजत बसायचं. (गावातल्या खळ्यावर पोती मोजणाऱ्यालाच ही चिकाटी कळेल.) त्यात अशा माश्या सापडल्या की ज्यांना कडू बदामासारखा बेंझाल्डिहाइडचा वास कळत नाही, पण बाकीचे काही वास कळतात. म्हणजे नाक सरसकट बिघडलेलं नव्हतं. वेगळ्या वासांची वाट वेगळ्या जनुकांतून जात होती. हा निबंध १९७८ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. बक आणि ॲक्सेल यांनी उंदरातली वासग्राहकांची जनुकं शोधली ती १९९१ मध्ये. त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माशीची ती जनुकं हाती लागायला १९९९ उजाडलं. दोन्ही कामं एकच नव्हेत, हे मान्य. तरी वासाचा प्रश्न जनुकांच्या अंगाने कुलाब्यात आधीच विचारला गेला होता, हे आपल्या पुस्तकांत यायला हवं होतं.

पुढे जर्मनीत ट्युबिंगेनला एरिख बुखनर यांच्यासोबत, किरणोत्सारी साखर वापरून, वास आल्यावर माशीच्या मेंदूचा कोणता भाग जागा होतो ते त्यांनी पाहिलं. मुंबईत परतल्यावर प्रश्नच बदलला: हे नाक घडतं कसं? कोशात असताना शृंगिकेवर वासाचे सूक्ष्म केस उगवतात. लोझेंज नावाचं जनुक निकामी झालं की त्यातला एक प्रकार उगवतच नाही. शेवटची वर्षं बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेली. २०१० मध्ये त्या वारल्या.