तिसऱ्या माडापासून सात पावलं

हरवलेली वस्तू शोधणं हा आमच्या घरात छंद नसून दिनक्रम आहे. सकाळी चष्मा, दुपारी किल्ल्या, संध्याकाळी गॅसचं पुस्तक आणि रात्री झोपताना पुन्हा चष्मा, असा माझा शोधकार्याचा चांगला तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव आहे. त्यामुळे सिअ‍ॅटलहून सुट्टीला आलेला माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, तिकडे मी शनिवार-रविवार लोकांनी मुद्दाम लपवलेले डबे शोधत हिंडतो," तेव्हा मला त्याची काळजीच वाटली. हिला मात्र वाटली नाही. ती म्हणाली, "त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं? यांना फ्रिजमधला लोण्याचा डबा अजून सापडलेला नाही."

या खेळाला म्हणे 'जिओकॅशिंग' म्हणतात. 'कॅश' हा शब्द ऐकून मी सावरून बसलो होतो. पण ही कॅश रोकडीतली नव्हे. कॅश म्हणजे दडवून ठेवलेला साठा. एकाने रानात, डोंगरावर, पुलाखाली डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगाला सांगून टाकायचे. दुसऱ्याने उपग्रहांच्या मदतीने तिथे पोचायचं, डबा उघडायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून परत यायचं. डब्यातली एखादी वस्तू घेतलीच, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, कारण मुंग्यांना आणि अस्वलांना वहीत नाव लिहिता येत नाही.

"आणि एवढं करून मिळतं काय?" मी विचारलं.

"सापडल्याचा आनंद!" तो म्हणाला. रोज चष्मा सापडल्यावर मला जो होतो तो आनंद हाच असावा, पण त्याला इतकं प्रतिष्ठित नाव असेल याची कल्पना नव्हती.

या खेळाची जन्मवेळ अगदी पंचांगात मांडावी इतकी नेमकी आहे. अमेरिकेचं लष्कर आपल्या उपग्रहांचे संदेश सामान्य माणसाला मुद्दाम थोडे बिघडवून देत असे. त्यामुळे शंभर-शंभर मीटरची चूक होई. शंभर मीटर म्हणजे तिकडे काही नसेल, पण आमच्या कोकणात एक वीत बांधासाठी दोन पिढ्या कोर्टात जातात. शंभर मीटरांत तर माणूस आपली वाडी सोडून चौथ्याच्या विहिरीत पडायचा. २ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हुकमाने हा बिघाड बंद झाला आणि चूक दहा-वीस मीटरांवर आली. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक काळी बादली नेऊन ठेवली. तिच्यात पुस्तकं, चित्रफिती, थोडे पैसे, एक गलोल आणि डबाबंद घेवडा होता. (अन्नाचा नियम नंतर आला.) माइक टीग नावाच्या माणसाने थोड्याच दिवसांत ती शोधून काढली. त्याच मे महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम याने 'जिओकॅशिंग' हे बारसं केलं. त्याआधी साहेबाच्या देशात १८५४ साली डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली होती, आणि तिथवर चालत येणारे आपलं कार्ड तिच्यात टाकून जात. आपल्याकडे बाटलीसाठी चालत जाणारे पुष्कळ, पण ते कार्ड टाकून येत नाहीत.

भाच्याने विचारलं, "आपल्या चौलात लपवायचा का एक डबा?" चौल त्याचं आजोळ. त्याच्या पणजोबांची, म्हणजे माझ्या आजोबांची वाडी तिथे आहे आणि माझे थोरले चुलतभाऊ, दादा, ती सांभाळतात. मी ताबडतोब हो म्हटलं. वहिनींच्या हातचे वालाचे बिरडे हे कारण मी बोलून दाखवलं नाही.

तयारी मात्र बघण्यासारखी झाली. भाच्याच्या पिशवीत झाकणाला रबर असलेला, पाणी न शिरणारा डबा, वही, विजेरी, हातमोजे, मोबाइलला पाजायला जादा वीज आणि पेन्सिल. पेन का नाही, तर शाई वाळते किंवा ओलीने फुटते. पेन्सिल कशालाच दाद देत नाही. मी पाण्याची बाटली, टोपी आणि काठी घेतली. काठी चालण्यासाठी नव्हे. कोकणात भिंतीच्या भोकात आधी काठी आणि मग हात, हा क्रम चुकला तर डब्याच्या ऐवजी डब्याचा मालक बाहेर येतो आणि त्याला फणा असतो.

गेटवेवरून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग आणि अलिबागेहून रेवदंड्याच्या एस.टी.ने चौल. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. नागाव मागे पडलं, दोन्हीकडून माड रस्त्यावर वाकून बघायला लागले आणि भाचा मोबाइल बघून ओरडला, "मामा, अठरा अंश तेहतीस मिनिटं उत्तर!" कंडक्टर म्हणाला, "चौल नाका. उतरा." दोघांचं म्हणणं एकच होतं.

आता हे अक्षांश-रेखांशांचं वेड चौलला नवं आहे असं समजू नका. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला, त्यात 'सिमुल्ला' नावाच्या बाजारपेठेचे अंश-कला दिलेले आहेत. बहुतेक अभ्यासकांच्या मते ही सिमुल्ला म्हणजे चौल. गंमत अशी की, टॉलेमीने त्यात आपल्या आधीच्या मरिनसची चूकही काढली आहे. मरिनसने हे बंदर सिंधू नदीच्या पश्चिमेला ढकललं होतं. टॉलेमी म्हणतो, तसं नव्हे. तिथे जाऊन राहून आलेले लोक ते सिंधूच्या मुखाच्या दक्षिणेला असल्याचं सांगतात, आणि तिथले लोक त्याला 'तिमुला' म्हणतात. एवढा शहाणपणा सांगून टॉलेमीने स्वतः जे आकडे दिले, ते धरून निघालं तर माणूस गोव्याच्याही खाली उतरतो! थोडक्यात, चौलच्या पत्त्यावरून सुरू झालेला वाद अठराशे वर्षांहून जुना आहे, आणि आमच्या भाऊबंदांतला वाद त्यामानाने ताजाच म्हणायचा.

पत्ता चुकलेला असूनही जग चौलला येतच राहिलं. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी आला. १४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन एक घोडा घेऊन इथे उतरला आणि पायी जुन्नरकडे गेला. तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि मोठ्या खटपटीने तो परत मिळाला. त्याच्यावर १९५७ साली 'परदेसी' हा चित्रपट निघाला आणि रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारकही आहे. घोडा विकायला येऊन चित्रपटाचा नायक होणारा माणूस विरळाच.

आणि पत्ता बरोबर असूनही फसलेला माणूस बघायचा असेल, तर लोरेन्सू द आल्मेइदा. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा हा मुलगा. १५०८ साली इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी चौलच्या खाडीत लढताना त्याचं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं, आणि तो तिथेच मारला गेला. त्या खुंटांची जागा गावातल्या कुठल्याही कोळ्याच्या पोराने सांगितली असती. पण एवढ्या मोठ्या आरमाराने पोराला विचारायचं कसं? पुढे १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी इथे किल्ला उभारायला घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला.

त्या किल्ल्यातच, रेवदंड्याला, सातखणी मनोऱ्याच्या आसपास डबा ठेवायचा असा भाच्याचा बेत होता. आम्ही पडक्या भिंतींतून वाकून जागा बघत होतो, तोच सायकलवरून चाललेले एक आजोबा थांबले.

"काय, गुप्तधन का?"

"नाही हो, आम्ही काही काढत नाही. ठेवतोय," भाचा प्रामाणिकपणे म्हणाला.

आजोबांचा चेहरा बदलला. एक पाय जमिनीवर टेकवून त्यांनी आधी डब्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "काय ठेवताय?"

त्यांचं चुकत नव्हतं. १९९३ साली याच रायगडच्या किनाऱ्यावर, खाली शेखाडीला, स्फोटकं उतरली होती, आणि १२ मार्चला मुंबईत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २००८ साली मारेकरी पुन्हा समुद्रातूनच आले. ज्या किनाऱ्यावर बेवारस वस्तूला हात लावू नका असं माणसं पोरांना शिकवतात, तिथे आम्ही बेवारस वस्तू निर्माण करायला निघालो होतो. भाच्याने डबा उघडून वही, पेन्सिल दाखवली. आजोबा जरा निवळले आणि म्हणाले, "या भिंती गुप्तधनवाल्यांनी आधीच पोखरल्यात. तुमचा डबा शोधायला येतील ते पहार घेऊन येतील. आपल्या वाडीत ठेवा काय तो."

भाचा परतताना गप्प होता. मग म्हणाला, "मामा, खेळाचा नियमच तो आहे. खणायचं नाही, मोडायचं नाही आणि जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. हे मालक मी विसरलोच." सरकारी कागदांत किल्ल्याचा मालक कोणी असो, मला तरी ते सायकलवाले आजोबाच मालक वाटले.

वाडीत पोचलो तर माझ्या पोटरीवर एक गोचीड बसलेली निघाली. पुढचा अर्धा तास दोन संस्कृतींचा संग्राम झाला. वहिनी म्हणाल्या, "रॉकेलचा बोळा लावा." दादा म्हणाले, "विडी टेकव." भाचा हात आडवा धरून म्हणाला, "काही लावायचं नाही, चटका द्यायचा नाही, पिळायचं नाही!" डिवचलेली गोचीड आपल्या पोटातली घाण आपल्याच अंगात सोडू शकते. त्याने हिच्या पर्समधला भुवयांचा चिमटा मागवला, गोचीड कातडीच्या अगदी लगत धरली आणि सावकाश, सरळ वर ओढली. मग साबणाने जागा धुतली आणि तारीख मांडून ठेवली. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगायचं. मी हसत होतो, पण हसण्याची गोष्ट नाही. शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात १९५७ साली सापडलेला माकडताप गोचिडीनेच पसरतो, आणि २०१६ साली तो आपल्या दोडामार्गात माणसं आजारी पाडून गेला. गवतात शिरताना फिक्या रंगाची लांब विजार, तिची टोकं मोज्यांत खोचलेली, आणि घरी आल्यावर कानामागे, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे तपासणी, एवढं केलं की झालं. मी अर्ध्या विजारीत गेलो होतो. या वयात गुडघे दाखवण्याची हौस अशी फिटते.

जेवणं झाल्यावर विषय हंड्यावर आला. कोकणात ज्या घराला पुरलेला हंडा नाही ते घर खानदानी नव्हे. आमचाही आहे. आजोबा सांगत, "विहिरीकडच्या ओळीतला तिसरा माड, तिथून सात पावलं." धाकट्या काकांनी त्या बोलावर वाडीत पाच खड्डे खणले. हंडा लागला नाही. खड्ड्यांत पुढे काकूंनी अळू लावलं आणि त्याचं फदफदं मात्र पुष्कळ वर्षं पुरलं.

"तिसरा माड कुठला?" भाच्याने विचारलं.

दादा उठले आणि आम्हाला घेऊन गेले. मी बऱ्याच वर्षांनी त्या बाजूला जात होतो. पोफळींनी दिवसा अंधार असायचा तिथे लख्ख ऊन होतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दुपारच्या काही तासांत पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. तिसरा माडही गेला. बुंधा तेवढा होता. शेजारी दादांनी नवं रोप लावलं होतं, गुडघ्याएवढं.

"याला फळ कधी?" मी विचारलं.

"सात-आठ वर्षं." दादांना पंचाहत्तरावं लागलं आहे. "लावायचं आपण. मोजायचं पुढच्यांनी."

भाच्याने मोबाइल बुंध्यावर ठेवला. दाट झाडीखाली आकडा नाचतो म्हणे. पण आता डोक्यावर नुसतं आभाळ होतं, आकडा एका जागी ठरला. वादळाने तेवढी एक सोय केली होती. बुंध्याला टेकून, दगडांच्या आड, न खणता, मालकाच्या परवानगीने डबा बसला. वहीत पहिलं नाव दादांनी लिहायचं ठरलं. त्यांनी माझा चष्मा मागून घेतला आणि बराच वेळ लिहीत बसले. नाव नव्हे. विहिरीकडून पहिला माड कुणी लावला, दुसरा कधी वीज पडून गेला, तिसरा कधी पडला, पोफळी किती होत्या, रहाट कुठे होता, सगळं. चार पानं झाली. भाचा म्हणाला, "मामा, एका ओळीची जागा असते." मी म्हटलं, "लिहू दे."

मुंबईला परत आल्यावर संध्याकाळी चष्मा सापडेना. नेहमीचं शोधकार्य झालं, उशा उलटल्या, हिने नेहमीची वाक्यं म्हटली. तेवढ्यात चौलहून दादांचा फोन आला. "अरे, तुझा चष्मा डब्यात वहीबरोबर गेलाय वाटतं. काढून ठेवू का?"

भाचा म्हणाला, "नियमाप्रमाणे तुम्हीच जाऊन काढायला हवा, आणि बदल्यात काहीतरी ठेवायला हवं."

तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच माझा हरवलेला चष्मा नेमका कुठे आहे, ते मला अंश, मिनिटं आणि सेकंदांसकट ठाऊक होतं. दादांना म्हटलं, "राहू दे तिथेच. येत्या रविवारी येतो."

"ये," दादा म्हणाले. "रोपाला पाणी घालायचंय."