शून्य वेगळं, रिकामं वेगळं

आपल्या गटांचे हिशेब आता संगणकात चढतात. कधी खिडकीवर सांगतात, "तुमची नोंद दिसत नाही," आणि आपण गुपचूप माघारी येतो. पण या "दिसत नाही"चे अर्थ दोन. ते कळायला थोडं मागं जाऊ या.

६ मे १९४९ रोजी इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक चालू झाला. तिथं डेव्हिड व्हीलर यांनी एक रीत बसवली. पुन्हा पुन्हा लागणारं काम एकदाच वेगळं लिहून ठेवायचं. त्याला सबरुटीन म्हणतात. मुख्य काम तिला हाक मारतं, ती काम करून उत्तर देते आणि काम थांबलं होतं तिथून पुढं चालू होतं. लेकीला दुकानात पाठवावं, तसंच. त्याच केंब्रिजात मॉरिस विल्क्स यांना उमगलं, की आपलं बरंचसं आयुष्य स्वतःच लिहिलेल्यातल्या चुका शोधण्यात जाणार!

१९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडायची पद्धत सांगितली. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. तिच्यात रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. हप्त्यापुढं शून्य म्हणजे पैसे आले नाहीत. रिकामं म्हणजे कुणी लिहिलंच नाही.

१९८७ साली लॅरी वॉल यांची पर्ल भाषा आली. ती साध्या शून्याला 'खोटं' मानते. मग "किती नोंदी बदलल्या?" याचं उत्तर शून्य आलं, तर काम फसलं असंच वाटणार. म्हणून पर्लला डेटाबेसशी जोडणाऱ्या डीबीआयमध्ये तोडगा काढला. एकही नोंद बदलली नाही, तर उत्तर येतं 'शून्य ई शून्य'. हिशेबाला ते शून्यच, पण पर्ल ते 'खरं' धरते. काम फसलं, तर 'अनडेफ', म्हणजे उत्तरच नाही. चूक शोधणारा माणूस आधी हेच पाहतो, की परत नेमकं काय आलं.

लेक रिकाम्या हातानं आली, तर आपण विचारतोच ना, "साखर संपली होती, की दुकानच बंद होतं?" खिडकीवरही तसंच विचारू या, "साहेब, नोंद नाही, की शोधच पुरा झाला नाही?" नोंद नसेल तर अर्ज करू. शोध फसला असेल तर तो पुन्हा करायला लावू. आपल्या हक्काचे पैसे या एका प्रश्नावर अडलेले असू शकतात.