‘एम’ म्हणजे नेमके किती? ऑनलाइन कपडे मागवताना मापाचे गणित

म्हापशाच्या बाजारात कपडा खांद्याला लावून पाहता येतो. मोबाइलच्या पडद्यावर ती सोय नसते. तेथे ग्राहकाच्या हाती असतात केवळ एस, एम, एल ही अक्षरे. त्यांवर विसंबून मागवलेला कुडता चतुर्थीच्या तोंडावर मुंढ्यात दाटतो आणि बदलून घ्यायला दिवस उरत नाहीत. अशा वेळी दोष स्वतःच्या शरीराला दिला जातो. वास्तविक दोष बहुधा त्या अक्षराचा असतो.

अक्षर एक, मापे अनेक

इंदूरचे उदाहरण बोलके आहे. होळकरांच्या या शहरात महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटसारखी जुनी कापडपेठ आहे आणि तयार कपड्यांचा, विशेषतः मुलांच्या कपड्यांचा, मोठा व्यवसाय आहे. अशा व्यवसायात अनेक लहान कारखाने शिलाई करतात आणि प्रत्येकाचा कापणीचा नमुना निराळा असू शकतो. त्यामुळे एकाचा ‘एम’ ३८ इंचांचा, तर दुसऱ्याचा ४० इंचांचा निघतो. ऑनलाइन संकेतस्थळावर हे दोन्ही कपडे शेजारीशेजारी दिसतात.

यामागे आणखी एक कारण आहे. भारतात प्रचलित असलेली तयार कपड्यांची मापे मुख्यतः अमेरिका व ब्रिटनमधील मापांवर बेतलेली आहेत. भारतीय बांध्याला अनुरूप कोष्टक तयार व्हावे, यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट) यांनी ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातील सुमारे २५ हजार व्यक्तींची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची ही योजना होती.

आपल्याकडे पूर्वी हा प्रश्न उद्भवत नसे. सहावारी, नऊवारी या नावांतच माप होते. शिवायचा कपडा शिंपी अंगावर माप घेऊन बेतत असे आणि शिलाईत ‘माया’ ठेवत असे. तयार कपड्यात ही माया बहुधा नाममात्र असते. म्हणून सैल कपडा आटोपशीर करता येतो, घट्ट कपडा वाढवता येत नाही. दोन मापांच्या मध्ये असाल, तर मोठे निवडावे.

माप शरीराचे की कपड्याचे?

कोष्टक वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा. शरीराचे माप असेल, तर आपली छाती त्या आकड्याशी जुळवावी. कपड्याचे माप असेल, तर त्यात हालचालीसाठी लागणारा सैलपणा धरलेला असतो. ३८ इंच छातीला ३८ इंचांचा शर्ट अंगाला चिकटून बसेल. साध्या सुती शर्टाला तीन-चार इंच अधिक हवेत.

सर्वांत भरवशाचा मार्ग सोपा आहे. अंगाला नीट बसणारा, तशाच प्रकारचा घरातील कपडा सपाट पसरावा.

• छाती : एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजून दुप्पट करावी.
• खांदा : पाठीमागून एका बाहीच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत.
• उंची : गळ्यालगतच्या खांद्यापासून खालच्या काठापर्यंत.
• पँट : कमरपट्टी सपाट मोजून दुप्पट, शिवाय सीट आणि पायाची आतील लांबी.

हे आकडे इंच व सेंटिमीटर अशा दोन्ही एककांत लिहून ठेवावेत (१ इंच म्हणजे २.५४ सेंमी). शुद्ध सुती कपडा पहिल्या धुण्यात आटू शकतो. ‘प्री-श्रंक’ असा उल्लेख नसेल, तर लांबीत थोडी सवलत धरावी.

मुलांच्या बाबतीत ‘४-५ वर्षे’ या लेबलापेक्षा उंची पाहावी. युरोपीय पद्धतीत ११० हा आकडा ११० सेंमी उंचीच्या मुलासाठी असतो. शिवलेली नऊवारी मागवताना कंबर, सीट आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची विचारून घ्यावी.

माप चुकलेच तर

ई-कॉमर्सविषयीचे ग्राहक संरक्षण नियम, २०२० यांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. येथे भेद ध्यानात घ्यावा. कोष्टकात छाती १०४ सेंमी आणि हाती आलेला कपडा ९८ सेंमी, तर ती वर्णनातील तफावत आहे. कोष्टक बरोबर, पण आपली निवड चुकली, तर विक्रेत्याचे स्वतःचे परतीचे धोरण लागू होते. ते मागणी नोंदवण्यापूर्वीच वाचावे.

मागणी नोंदवतानाच कोष्टकाचे छायाचित्र जपून ठेवावे. पाकीट आल्यावर लेबल न काढता, कपडा न धुता मोजपट्टी लावून छायाचित्र घ्यावे. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.