बंबातला खार

माकणीच्या शिवारात एस्प्रेसो मशीन घेऊन येणारा मी बहुधा पहिलाच असेन. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याची खोली सोडली, तेव्हा लॅपटॉप, दोन बॅगा आणि ऑफिसातल्या मित्राकडून अर्ध्या किमतीत घेतलेलं ते मशीन एवढाच माझा संसार होता. आजीनं ते बघितलं आणि विचारलं, "ही इस्तरी हाय का?"

पुण्यात ते दीड वर्ष नीट चाललं होतं. खडकवासल्याचं पाणी म्हणजे पावसाचं, धरणात साठलेलं, मऊ पाणी. आमचं घर मात्र शेतात. निम्न तेरणा धरण गावाला लागून आहे, पण तिथून नळ आमच्यापर्यंत आलेला नाही. आम्ही बोअरचं पाणी वापरतो. चार महिन्यांत मशीन कुरकुरायला लागलं. आधी कॉफी बेचव आणि आंबट यायला लागली, मग धार बारीक झाली, मग वाफेच्या नळीतून नुसतीच फुसफुस. पंपाचा आवाज तेवढा मोठा. एके दिवशी कपात कॉफीच्या जागी सहा-सात थेंब पडले आणि त्यांच्यासोबत पांढऱ्या कण्या.

कुठलाही व्हिडिओ उघडला तर एकच शब्द ऐकू येत होता, डिस्केलिंग. म्हणजे आतला क्षार काढा. मी सगळं शोधत बसलेलो असताना आजी न्हाणीतून म्हणाली, "खार धरला आसंल. बंब बघ की."

आमचा बंब तांब्याचा आहे. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मधे जाळाची नळी, वर धुराडं, भोवती पाणी, खाली निखारा. झाकण काढून मोबाइलची टॉर्च मारली तर आतली नळी दिसतच नव्हती. तिच्यावर करड्या-पांढऱ्या खडकाचा थर होता. नखानं खरवडायला गेलो तर एक खपली हातात आली, खोडरबराएवढी जाड. कडेनं बघितल्यावर तिच्यात पट्टे दिसत होते, कुठे पांढरे, कुठे मातकट. झाडाच्या खोडासारखे ते मोजता येत नाहीत. कुठला पट्टा कुठल्या सालचा हे कुणालाच सांगता येणार नाही. पण हे पाणी कुठून आलं हा प्रश्न तिथे सुरू झाला.

शास्त्र तसं सोपं आहे आणि जुनं आहे. हेन्री कॅव्हेंडिशनं लंडनच्या रॅथबोन प्लेसमधल्या पंपाचं पाणी तपासलं आणि १७६७ साली त्यावर लिहिलं. पाणी उकळलं की तळाला खडूसारखी माती बसते, ती आधी कुठे होती? त्याचं उत्तर असं, की पाण्यात मुरलेला वायू त्या मातीला विरघळवून धरतो. उकळल्यावर वायू निघून जातो आणि मातीचा आधार सुटतो. तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड आणि ती माती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्याकडे पावसाचं पाणी काळ्या मातीतून मुरताना हा वायू घेतं, मातीतल्या चुनखडीच्या खड्यांतून आणि खालच्या काळ्या पाषाणातून कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं. जितकं खोल आणि जितका काळ मुरेल तितकं ते जड होत जातं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. या 'दुसरं पाणीच नसेल तर' मध्ये मराठवाड्याचा बराचसा इतिहास येतो.

तो इतिहास आजीला हिशोबानं माहीत आहे. तिच्या लग्नात पाणी आडाचं होतं. त्यात तुरीची डाळ शिजायची आणि साबणाला फेस यायचा. मग १९७२चा दुष्काळ आला, आड आटले, बायका खडी फोडायला गेल्या. त्याच काळात खडक फोडून खोल जाणारी यंत्रं गावोगाव फिरायला लागली. भोक पडलं तरी वरचा पंप टिकत नव्हता. घरगुती वापरासाठी बनवलेले ओतीव लोखंडाचे पंप अख्ख्या गावानं दिवसभर हापसले की मोडायचे. यावरचा उपाय बाहेरून आला नाही, हे मला वाचून भारी वाटलं. जालन्याच्या स्कॉटिश मिशनमधल्या लोकांनी पंपाचं डोकं मजबूत केलं, सोलापुरात एका स्वतःच शिकलेल्या मेकॅनिकनं त्याहून चांगला नमुना बनवला, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीनं त्याच सोलापुरी पंपावरून इंडिया मार्क टू तयार झाला. जगातल्या कितीतरी खेड्यांत आज जो हापसा दिसतो, त्याचं कूळ आपल्या शेजारचं आहे.

हापशानं माणसं जगवली. पण आजी म्हणते, तेव्हापासून डाळ शिजेना. हे खरं आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट करतं. जळण जास्त लागतं आणि ते जळण गोळा करायचं काम कुणाचं होतं हे सांगायला नको.

आता माझ्या मशीनकडे. एस्प्रेसोचा जन्मच बॉयलरमधून झालाय. तुरिनच्या १८८४ सालच्या प्रदर्शनात अँजेलो मोरिओन्डोनं वाफेवर कॉफी करणारं यंत्र मांडलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं एकेक कप काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ती यंत्रं म्हणजे उभे पितळी बॉयलर, जवळपास रेल्वे इंजिनाची चुलत भावंडं. पुढे गाज्जियानं वाफेऐवजी दांडा ओढून दाब दिला, आणि १९६१च्या फाएमा ई-६१ मध्ये पंप आला. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून तिचं नाव पडलं. (आपल्याकडे मात्र 'एस्प्रेसो' म्हणजे लग्नातली फेसाळ गोड कॉफी, वर चॉकलेटची भुकटी. तिला कुणी नावं ठेवली तर मला राग येतो. तिथेही कोपऱ्यात बॉयलरच शिट्टी मारत असतो.)

बॉयलर म्हटला की आमच्या जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वेची आठवण निघतेच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांवर हलके डबे आणि इंजिनं चालवून दाखवली. १८९७ मध्ये गाडी बार्शीला आली, १९११ मध्ये येडशी, ढोकीवरून लातूरला पोचली, १९२७ मध्ये दुसरं टोक मिरजेला भिडलं. याच कॅलथ्रॉपनं नंतर विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, हे वाचून मी दोनदा खात्री केली. वाफेच्या इंजिनाला कोळशाएवढीच पाण्याची काळजी. क्षाराचा थर उष्णता अडवतो, कोळसा जास्त जळतो, नळ्या तापून खराब होतात. म्हणून कुठल्याही लोको शेडमध्ये ठरलेल्या मुदतीनं बॉयलर थंड करून, बुचं उघडून, जोराच्या धारेनं धुवायचे. डिस्केलिंगच ते, फक्त कपाएवढ्या टाकीऐवजी अख्खं इंजिन. पुढे तो मार्ग ब्रॉडगेज झाला. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून दहा टँकरांची, सुमारे पाच लाख लिटरची पहिली पाणीगाडी याच रस्त्यानं आली. मी तेव्हा लातूरला अकरावीत होतो. स्टेशनवर गर्दी बघायला गेलो होतो, घरी घागरी रिकाम्या असताना.

खपलीतले पट्टे बघताना मी आजीला विचारलं, भूकंपाच्या वेळी बंब कुठं होता?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. माझा जन्म पुढचा आहे, त्यामुळे हे मला घरातल्या लोकांच्या तोंडून माहीत आहे. आजोबा माळवदाखाली गेले. वडिलांनी तिसऱ्या दिवशी ढिगारा उपसताना बंब काढला, एका बाजूनं चेपलेला. किल्लारी, सास्तूर, माकणी या पट्ट्यात त्या वेळी धरणाकडे बोट दाखवणारे बरेच होते, कारण तलाव नवीन होता. १९६७च्या कोयना भूकंपाचं नातं तलावाशी जोडलं जातं, किल्लारीबद्दल मात्र शास्त्रज्ञांत एकमत झालं नाही.

माणसं मेली ती घरांमुळे, यावर वाद नाही. जाड दगडी भिंती, दगड जुळवायला नुसती माती, वर टनावारी मातीचं माळवद. चुना त्यात नव्हता. याच जिल्ह्यात नळदुर्गला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला, तो चारशे वर्षं पाण्याच्या माऱ्यात उभा आहे. तिथल्यासारख्या कामाला चुनखडी भट्टीत भाजायची, घाण्यात मळायची, म्हणजे जळण, बैल आणि मजुरी. ते सुलतानाला परवडलं, वाडेवाल्यांना थोडंफार परवडलं. माझ्या पणजोबांनी मातीत दगड रचले. बंबाच्या नळीवर फुकट साठलेला चुना आणि भिंतीत नसलेला चुना एकाच जमिनीतला आहे, हे कळल्यावर मी त्या दिवशी मशीनला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याहून लिंबाचं फूल आणलं. किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं तेच, सायट्रिक ॲसिड. शेलंनं १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळं काढलं, हल्ली ते बुरशीला साखर खाऊ घालून बनवतात. एक लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम. टाकी भरली, थोडं पाणी कॉफीच्या तोंडातून काढलं, थोडं वाफेच्या नळीतून, मग मशीन बंद करून वीस मिनिटं थांबलो. असं तीनदा. दुसऱ्या फेरीला गढूळ, फेसाळ पाणी आलं आणि पंपाचा आवाज बदलला. शेवटी साध्या पाण्याच्या दोन टाक्या. व्हिनेगर वापरू नका, वास जात नाही. आणि धुवायलाही जारचंच पाणी घ्या, नाहीतर बोअरचा खार पुन्हा आत. रोजच्या कॉफीला मी आता तीन भाग जारचं आणि एक भाग बोअरचं पाणी घेतो, कारण नुसत्या आरओच्या पाण्यात कॉफी मिळमिळीत लागते.

आजी शेजारी बसून सांडलेलं पाणी मोजत होती. "किती लिटर गेलं रे?" मी म्हणालो, पाच. ती काही बोलली नाही, बादली उचलून ते पाणी न्हाणीतली फरशी घासायला घेऊन गेली.

अर्धी पुडी उरली होती. म्हटलं, बंबही साफ करून देतो, जळण कमी लागेल. ती झाकण धरून उभी राहिली.

"काय करलालास? त्याला हात लावू नगं. चेपला तवा डाग दिलाय खाली. तो डाग कवाच गेला. आता खारानंच धरलंय त्याला. काढलास तर गळंल."

मी टॉर्च मारून खाली बघितलं. डाग खरंच सुटला होता, आणि फटीवर पांढरा थर बसला होता, कोरडा. झाकण परत ठेवलं. सकाळी तिनं नेहमीसारखा बंब पेटवला आणि मी मशीन लावलं. तिला अर्धा कप दिला. दूध आणि तीन चमचे साखर घालून प्यायली.