बडोद्याची शिष्यवृत्ती, बडोद्याची खोली

सामाजिक न्यायाचा इतिहास लिहिताना आपण बहुतेकदा कायद्यांची यादी करतो. बडोद्यापुरती ती यादी भरपूर लांब आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि 1906 मध्ये तो संस्थानभर लागू केला. 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. अट एकच : परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी.

1917 मध्ये ते करारानुसार बडोद्यात आले. नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी सराईत उतरले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून झालं, तिथंही सोय होईना. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

आता याला काय म्हणायचं? बडोदं न्यायी होतं की अन्यायी?

अमर्त्य सेन यांनी 2009 च्या ‘द आयडिया ऑफ जस्टिस’मध्ये आपल्याकडचेच दोन जुने शब्द वापरलेत : नीती आणि न्याय. नीती म्हणजे नियम आणि संस्था नीट असणं. न्याय म्हणजे माणसांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आलं. मी इंजिनिअर, त्यामुळे मला हे लगेच पटतं. ड्रॉइंग वेगळं आणि साइटवर उभं राहिलेलं बांधकाम वेगळं. बडोद्याचं ड्रॉइंग त्या काळाच्या मानानं उत्तम होतं. साइटवर मात्र खोली नव्हती.

पण म्हणून ड्रॉइंग फुकट गेलं असंही नाही. त्याच शिष्यवृत्तीतून पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष घडले. त्या संविधानाचं कलम 15 जरूर वाचा. पहिलं पोटकलम राज्याला बांधतं : शासनानं भेदभाव करायचा नाही. दुसरं पोटकलम त्यापुढे जातं. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या बाबतीत जातीच्या कारणावरून कुणाही नागरिकाला अडवता येणार नाही, असं ते सांगतं. म्हणजे अडवणारा सरकारी माणूसच असायला हवा असं नाही; सराईचा मालकही त्यात आला. अन्याय फक्त दरबारातून होत नाही, तो शेजारूनही होतो, हे या कलमाला ठाऊक आहे.

आपल्या मंडळींना बडोद्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. फक्त शिष्यवृत्ती सांगताना सराईही सांगावी. कारण कलम 15 च्या त्या यादीत हॉटेल आहे, विहीर आहे. भाड्याच्या घराचा उल्लेख नाही. तिथं आजही घरमालकाचीच नीती चालते.