तळटीप : शरीराचे चुंबकीय क्षेत्र

३. ‘शरीराचे चुंबकीय क्षेत्र’ : हृदयाच्या विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, पृथ्वीच्या क्षेत्राच्या साधारण दशलक्षांशाएवढे, मेंदूचे त्याहूनही शेकडो पटींनी क्षीण. 1963 साली अमेरिकेत बॉले व मॅकफी यांनी हृदयाचे क्षेत्र तारेच्या वेटोळ्यांनी प्रथम टिपले. पुढे आलेल्या ‘स्क्विड’ या अतिवाहक चुंबकीय संवेदकाला उणे 269 अंश सेल्सिअसचे द्रव हेलियम लागते. त्यामुळे मेंदूची अशी तपासणी भारतात बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मोजक्याच संस्थांत होते. अकोले-पाथर्डीतल्या फिट येणाऱ्या मुलासाठी हे अंतर फार मोठे आहे.

लेखकाला अभिप्रेत असलेला प्रकाशीय संवेदक वेगळा. इवल्याशा काचेच्या कुपीत रुबिडियमची गरम वाफ असते, तिच्यातून लेसर जातो. क्षेत्र जरा बदलले की पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता बदलते. हेलियम नको, आणि कुपी टोपीत बसवून थेट डोक्याला लावता येते, म्हणून मूल थोडे हलले तरी चालते. मुंबईच्या आयआयटीत हिऱ्यातील नायट्रोजन-दोषांवर आधारलेल्या संवेदकांवरही काम चालू आहे.

लेखकाने या संवेदकाला लावलेले ‘स्वस्त’ हे विशेषण मात्र जपून वाचावे. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या ठिकाणी असे यंत्र बसवायचे, तर गळीत हंगामात रस्त्याने जाणारी उसाची एक ट्रॉलीही हृदयाचा संकेत बुडवू शकते. त्यासाठी चुंबकरोधक मिश्रधातूची खोली लागते आणि खरा खर्च तिथेच आहे. – संपा.