मेंदूभोवतीचा रक्तस्राव

१. ‘डोक्यात रक्त साकळले’ एवढ्यावरून रुग्णाचे भवितव्य ठरत नाही. ते कोणत्या थरात साकळले हे महत्त्वाचे. कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामधला स्राव बहुधा फुटलेल्या धमनीचा असतो. रुग्ण काही काळ बोलता-चालता राहून एकाएकी ढासळू शकतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली, तर बहुतेक जण वाचतात. अभिनेत्री नताशा रिचर्डसन २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग करताना पडल्यावर अशाच स्रावाने दगावल्या. प्रथम त्यांनी उपचार नाकारले होते. आवरणाखालच्या तीव्र स्रावात बहुधा मेंदूलाही इजा झालेली असते, म्हणून मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक. वृद्धांमध्ये सावकाश साचणारे रक्त कवटीला छिद्र पाडून काढता येते, पण ते पुन्हा साचू शकते. — संपा.